मुलांच्या कॉलेजची फी: साठवलेलं मोडायचं की शैक्षणिक कर्ज काढायचं?

शिक्षणासाठी म्हणून बाजूला ठेवलेले पैसे असतील तर आधी तेच वापरावेत, त्यात विचार करण्यासारखं काही नाही. ओढाताण होते ती उरलेल्या रकमेपाशी. ती निवृत्तीच्या पुंजीतून काढायची की कर्ज घ्यायचं?

नुसता दर पाहिला तर पुंजी मोडणं स्वस्त पडतं. तिच्यावर 8 टक्के मिळत असतील, तर 10 टक्क्यांचं कर्ज कशाला काढायचं? हिशेब बरोबर आहे, पण तो वाचलेल्या हप्त्याएवढी रक्कम दरमहा परत साठवली जाईल असं धरून चालतो. इथेच घोडं पेंड खातं. पन्नाशीत काढलेले 100 तसेच राहिले असते, तर 8 टक्क्यांनी 15 वर्षांत 317 झाले असते. पासष्टीला ती तूट भरून काढायला ना पगार उरतो, ना वर्षं.

कर्जात वेगळी गोम आहे. ‘शिक्षण संपेपर्यंत हप्ता नाही’ हे ऐकून हायसं वाटतं, पण व्याज बहुधा पैसे उचलल्या दिवसापासूनच लागू होतं. समजा, चार वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी दर वर्षाच्या सुरुवातीला 25 असे एकूण 100 उचलले, दर 10 टक्के. सरळव्याजानेही चौथ्या वर्षाअखेर देणं 125 वर जातं आणि पुढे दहा वर्षांच्या मासिक हप्त्यांत एकूण 198 फेडावे लागतात. त्याऐवजी शिक्षण चालू असताना नुसतं व्याज भरत राहिलात, तर 25 व्याजाचे आणि नंतर हप्त्यांचे 159, म्हणजे 184. हे व्याज एकदम अंगावर येत नाही: पहिल्या वर्षी अडीच, चौथ्या वर्षी 10.

म्हणून माझा कौल असा: फीसाठी कर्ज, शिकतानाचं व्याज आईवडिलांच्या पगारातून, आणि निवृत्तीच्या पैशांना हात नाही. निवृत्तीची सोय खरोखरच पुरून उरणारी असेल, किंवा शेवटच्या वर्षाची किरकोळ रक्कमच कमी पडत असेल, तर मात्र खुशाल मोडा.

‘कर्ज त्याचं आहे, तो फेडेल’ यावर विसंबू नका. आईवडील सहकर्जदार असले, तर मुलाला नोकरी उशिरा लागो किंवा शिक्षण अर्धवट सुटो, वसुली त्यांच्याकडूनही होते. शिष्यवृत्ती मिळाली तर उत्तमच. फक्त ती पुढच्या वर्षी टिकवायला किती गुण लागतात ते आधी वाचा.

प्रवेश घेण्यापूर्वी मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवून होणारा हप्ता आणि त्या शाखेतला सुरुवातीचा साधारण पगार एका कागदावर लिहा. हप्त्यात निम्मा पगार जाणार असेल, तर कर्ज की पुंजी हा प्रश्न बाजूला ठेवून कमी फीचं कॉलेज शोधलेलं बरं. हप्ता झेपणारा असेल, तर बँकेकडून परतफेडीचे दोन तक्ते मागा, एक व्याज भरत गेल्यास आणि एक न भरल्यास. मुदतीआधी कर्ज फेडल्यास दंड लागतो का, हेही तेव्हाच लेखी घ्या.