सील आत्ता बदलायचं की ऊस संपल्यावर? ट्रॅक्टरखालच्या थेंबाचा हिशोब

दिवाळीच्या तोंडावर शेजारच्या वस्तीवरचा पोरगा आला. "काका, ट्रॅक्टर खालून ऑइल गळायलंय. मिस्त्री म्हणतो मागचं सील गेलं, मधून तोडावा लागेल. पंधरा दिवसांनी ऊस वाहतूक सुरू. आता तोडू का भर घालून हंगाम काढू?"

हा प्रश्न आपल्याकडे दर दोन गावांत एकाला पडतो. मागचं सील म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, क्रँक, मागे क्लचकडे बाहेर पडतो तिथं ऑइल अडवणारं रबरी कडं. ते बदलायला इंजिन आणि गिअर बॉक्स वेगळे करावे लागतात. दोन्ही वाटा मी स्वतः चालून बसलोय, त्यातली एक फुकटच.

पहिल्यांदा ती फुकटची सांगतो. चार वर्षांपूर्वी माझ्याही ट्रॅक्टरचं असंच निदान झालं. इंजिन एकीकडे, गिअर बॉक्स एकीकडे, दोन दिवस झाडाखाली. नवीन सील बसलं, सगळं जोडलं, आणि आठवड्यात पुन्हा थेंब. गळती होती वर, टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरच्या झाकणाच्या पॅकिंगमधून. ऑइल इंजिनाच्या पाठीवरून ओघळून नेमकं क्लचच्या घरावर उतरत होतं. ऑइल खाली आणि मागे पळतं, त्यामुळे वर कुठंही गळालं तरी थेंब मागेच दिसतो.

म्हणून दोन्ही वाटांच्या आधी अर्धा दिवस घालवा. इंजिन डिझेलनं धुवा, कोरडं पुसा, संशयाच्या जागी खडूची पूड मारा आणि अर्धा तास चालवून बघा. ओली रेघ वरून आली की खालून, ते कळतं. क्लचच्या घराला तळाशी एक भोक असतं, बऱ्याचदा त्यात स्प्लिट पिन लोंबते. तिथून थेंब येत असेल तर बोटावर घ्या. काळंकुट्ट असेल तर इंजिनाचं. मधासारखं, घट्ट, उग्र वासाचं असेल तर गिअर बॉक्सचं, म्हणजे क्रँकच्या सीलचा दोषच नाही. आणि हो, थेंब दिसू नये म्हणून ते भोक बुजवणारे महाभाग मी पाहिलेत. भोक बुजलं की ऑइल आत साचतं आणि क्लच प्लेटवर उडतं.

मग ब्रीदरची नळी बघा, इंजिनाच्या पोटातली हवा बाहेर सोडणारी. आपल्या काळ्या मातीच्या धुळीनं ती चोंदली, तर इंजिनाच्या पोटातला दाब ऑइलला सीलमधून बाहेर ढकलतो. नळी मोकळी करून गळती निम्म्यावर आलेली मी पाहिलीय. ऑइल मोजायच्या पट्टीवर ऑइल वाढलेलं दिसलं तर आणखी सावध व्हा. बहुधा आत डिझेल उतरतंय, ऑइल पातळ झालंय, आधी ते दुरुस्त करा.

एवढं करूनही मागचं सीलच निघालं, तर खरी तुलना सुरू होते.

भर घालत राहण्याचा हिशोब साधा आहे. साधारण वीस थेंबांचा एक मिलिलिटर. दहा सेकंदाला एक थेंब पडत असेल तर तासाला १८ मिलिलिटर, आठ तासांच्या दिवसाला दीड कप सुद्धा नाही. त्यासाठी ट्रॅक्टर तोडणं म्हणजे उंदरासाठी घर खणणं. पण सेकंदाला एक थेंब झाला की तासाला १८० मिलिलिटर, दिवसाला जवळजवळ दीड लिटर. इंजिनाच्या सहा-सात लिटर ऑइलच्या चेंबरमधून रोज दीड लिटर गेलं आणि एक दिवस पट्टी बघायची राहिली, तर बेअरिंग आणि क्रँकचा खर्च सीलच्या कितीतरी पट. या वाटेवर ऑइलपेक्षा शिस्त महाग पडते: रोज सकाळी, सपाट जागी, इंजिन थंड असताना पट्टी बघायची. भाड्याचा ड्रायव्हर असेल तर तो बघेल यावर माझा विश्वास नाही.

गळती बंद करणारी औषधाची बाटली मोंढ्यात मिळते. ती रबर थोडं फुगवते. महिनाभर वेळ मारून न्यायला ठीक, त्यापुढे नाही.

तोडायचं म्हटलं तर सील स्वतः स्वस्तच. पैसा जातो मजुरीत आणि बंद पडलेल्या दिवसांत. त्यामुळे एकदा उघडलं की क्लच प्लेट आणि क्लचजवळची रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग बघून घ्याच. ऑइल प्यायलेली प्लेट पेट्रोलनं धुतली तरी पूर्वीसारखी धरत नाही. क्रँकवर नख फिरवा. जुन्या सीलनं खाच पाडली असेल तर नवं सील त्याच जागी पुन्हा गळेल. ते थोडं आतबाहेर बसवावं लागतं, नाहीतर क्रँकवर पातळ स्लीव्ह, म्हणजे धातूचं कडं, चढवावी लागते. घाईचा मिस्त्री हे सांगत नाही. तोडताना पुढच्या ॲक्सलवर दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी ठोकायला लावा, नाहीतर मोकळं झालेलं इंजिन एका बाजूला कलंडतं.

  

तोडण्याविरुद्ध एकच मोठं कारण मानतो. चालू इंजिनाचं ऑइल भरायचं झाकण उघडा. भकाभका धूर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात. अशा इंजिनाला नवं सील फार काळ टिकणार नाही. मग भर घाला, हंगाम काढा आणि उन्हाळ्यात इंजिन बांधायच्या वेळीच सील टाका. दोनदा मजुरी कशाला?

पोराला मी थेंब मोजायला लावले. चार-पाच सेकंदाला एक. धूर नव्हता. घरची रब्बीची पेरणी असती तर म्हटलं असतं, भर घाल आणि मार्चपर्यंत थांब. पण दोन ट्रॉल्या भरून उसाचं ओझं ओढताना चढावर क्लच घसरला, तर मागे सरकणारा ट्रॅक्टर कुणाचं ऐकत नाही. शिवाय उचल घेतलेली, एक दिवस बंद राहिलं की तोडणीवाली माणसं फडात बसून.

शेवटी त्यानं तोडला. प्लेटच्या कडेला ऑइलचा काळा पट्टा नुकताच लागायला लागला होता, क्रँकवर नखाला जाणवेल अशी खाच होती. सील दोन मिलिमीटर आत बसवलं, प्लेट नवी टाकली. तिसऱ्या दिवशी दुपारी भोकाखाली पुठ्ठा ठेवून दोघं बघत बसलो. पुठ्ठा कोरडा होता.