घरात ५० वॅटचा ट्यूब अँप: पोस्ट-पीआय मास्टर की अ‍ॅटेन्युएटर?

दोन ईएल३४ पॉवर ट्यूबचा, मास्टर व्हॉल्यूम (एकूण आवाजाचा वेगळा नॉब) नसलेला गिटारचा ५० वॅटचा अँप (मार्शल १९८७ किंवा त्याच सर्किटवर बांधलेला कुठलाही) व्हॉल्यूम सहा-सातच्या पुढे गेला की खरा वाजतो. फ्लॅटमध्ये तिथपर्यंत जाता येत नाही. टोन राखून आवाज उतरवायचे उपाय बरेच आहेत. निवड मात्र शेवटी दोनांत येते: अँपच्या आत, फेज इन्व्हर्टरनंतर (पीआय, म्हणजे पॉवर ट्यूबच्या दोन बाजूंसाठी सिग्नल दुभागणारा टप्पा) बसणारा पोस्ट-पीआय मास्टर व्हॉल्यूम, किंवा अँप आणि स्पीकर यांच्यामध्ये बसून ताकद जिरवणारा अ‍ॅटेन्युएटर बॉक्स; आणि माझा कौल अ‍ॅटेन्युएटरकडे झुकतो.

किती उतरवायचं हे आधी ठरवा. वॅट निम्मे केले की फक्त ३ डेसिबल कमी होतात. कानाला आवाज निम्मा वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे ५० चे ५ वॅट. २० डेसिबल उतरवून अर्धा वॅट उरला, तरी ९८ डेसिबल सेन्सिटिव्हिटीच्या (एका वॅटला एका मीटरवर ९८ डेसिबल देणाऱ्या) ग्रीनबॅक स्पीकरसमोर एका मीटरवर ९५ डेसिबल होतात. बंद खोलीत ते भरपूर आहे. त्यामुळे १०० वॅटच्या अँपमधून दोन पॉवर ट्यूब काढणे किंवा ट्रायोड स्विच (पॉवर ट्यूबची ताकद साधारण निम्मी करणारा) टाकणे यांतून घरापुरता काहीच फरक पडत नाही. इफेक्ट्स लूपमध्ये (प्रीअँप आणि पॉवर अँप यांच्यामधल्या जोडणीत) पॉट (व्हॉल्यूमचा नॉब) लावला तर प्रीअँपचा क्रंच मिळतो, पण पॉवर ट्यूब झोपलेल्याच राहतात.

गिटारवादक एडी व्हॅन हेलन अँपला येणारे मेन्सचे व्होल्ट उतरवून वाजवायचा, त्यामुळे डिमरस्टॅटचा (ते व्होल्ट कमी-जास्त करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचा) विषयही निघतो. पण २३० चे २०० व्होल्ट केले की ट्यूबचा ६.३ व्होल्टचा हीटर साडेपाचच्या खाली येतो. ट्यूबला दहा टक्क्यांपेक्षा जास्त घट सोसत नाही, म्हणून ते करू नका.

आता पोस्ट-पीआय मास्टर. सामान थोडं, खर्च किरकोळ. फेज इन्व्हर्टरच्या ०.०२२ मायक्रोफॅरडच्या दोन कपलिंग कॅपॅसिटरनंतर २२० के (किलोओहम) चे दोन बायस रेझिस्टर असतात (बायस म्हणजे पॉवर ट्यूबच्या ग्रिडला दिलेला ऋण व्होल्टेज). ते काढून तिथे २५० के चा ड्युअल-गँग पॉट (एकाच दांड्यावरचे दोन पॉट) बसवायचा. प्रत्येक गँगच्या एका टोकाला कॅपॅसिटर, दुसऱ्या टोकाला बायस, आणि मधल्या पायातून ग्रिड स्टॉपर रेझिस्टरकडे वायर. मधला पाय आणि बायस यांच्यात २.२ मेगचा एकेक रेझिस्टर लावायचाच. पॉटचा वायपर (मधल्या पायाचा सरकता संपर्क) घासून सुटला की ग्रिडचा बायस जातो, प्लेट लाल होते आणि ट्यूब जळते. हा रेझिस्टर असला की बायस तुटत नाही. चेसिस उघडल्यावर फिल्टर कॅपॅसिटर डिस्चार्ज करून, मीटरवर शून्य दिसल्याशिवाय आत हात घालू नये. तिथे ४०० च्या वर व्होल्ट असतात.

नीट बसवला तर हा मास्टर छान वाजतो, हे मान्य. फेज इन्व्हर्टरसुद्धा क्लिप होतो, त्यामुळे साध्या प्री-पीआय मास्टरपेक्षा आवाज भरदार येतो. माझं अडतं ते प्रेझेन्सवर.

प्रेझेन्सचा नॉब स्वतः ट्रेबल वाढवत नाही. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या स्पीकरकडच्या बाजूवरून (सेकंडरीवरून) फेज इन्व्हर्टरकडे जो निगेटिव्ह फीडबॅक (उलटा करून दिलेला सिग्नलचा अंश) परत येतो, त्यातला ट्रेबल तो कमी करतो. पोस्ट-पीआय मास्टर नेमका या लूपच्या आत बसतो. मास्टर दोनवर आणला की सेकंडरीवर सिग्नलच फारसा नसतो, म्हणून फीडबॅकही जवळजवळ नसतो. मग प्रेझेन्स तीनवर ठेवा की आठवर, आवाज तोच. बास सैल पडतो आणि वरची बाजू खरखरीत होते. ती खरखर घरापुरती बास-ट्रेबलने सावरता येते. पण जॅमसाठी मास्टर सहावर नेला की फीडबॅक परत येतो, बास आवळतो, प्रेझेन्स जागा होतो आणि घरी बसवलेलं सेटिंग निरुपयोगी ठरतं. घरी जे ऐकून बोटं तयार करायची, तो टोन स्टेजवर मिळणारच नसेल तर त्या सरावाचा उपयोग अर्धाच. माझ्यासाठी निर्णय इथेच झाला.

अ‍ॅटेन्युएटर ट्रान्सफॉर्मरच्या पुढे, लूपच्या बाहेर असतो. अँपच्या दृष्टीने तो पूर्ण आवाजात वाजत असतो, म्हणून प्रेझेन्सही जसाच्या तसा चालतो.

रेझिस्टिव्ह (फक्त रेझिस्टरचा) घ्यावा की रिअ‍ॅक्टिव्ह, हे किती उतरवायचं त्यावर ठरतं. १६ ओहमचा स्पीकर १६ ओहमचा फक्त नावाला असतो. १०० हर्ट्झच्या आसपास, रेझोनन्सला, आणि वरच्या ट्रेबलला त्याचा इम्पीडन्स (सिग्नलला होणारा विरोध) कितीतरी चढतो, आणि अँप त्या चढाला प्रतिसाद देतो. ६ डेसिबलपर्यंत अँपला खरा स्पीकर थोडाफार दिसत राहतो, तेव्हा साधं एल-पॅड पुरतं. १६ ओहमसाठी सिरीजमध्ये ८.२ ओहम आणि स्पीकरला समांतर १५ ओहम. ५० वॅटपैकी सुमारे २५ सिरीज रेझिस्टरमध्ये जिरतात, साडेबारा समांतर रेझिस्टरमध्ये, आणि साडेबारा स्पीकरला मिळतात. ओव्हरड्राइव्हमध्ये अँप ५० च्या वर जातो, म्हणून अ‍ॅल्युमिनियम बॉडीचे अनुक्रमे १०० आणि ५० वॅटचे रेझिस्टर घ्या, आणि थर्मल पेस्ट लावून जाड हीटसिंकवर कसा. ट्रेबल दबल्यासारखा वाटला तर सिरीज रेझिस्टरवर ४.७ मायक्रोफॅरडचा फिल्म कॅपॅसिटर टाकून पाहा.

१० डेसिबलच्या पुढे मात्र माझ्या कानाला रेझिस्टिव्ह बॉक्स मेलेला वाटतो, पिकचा ठोकाच जातो. तिथे कॉइल आणि कॅपॅसिटरने स्पीकरचा चढउतार नक्कल करणारा रिअ‍ॅक्टिव्ह लोडच हवा. तो महाग आहे. घेताना पायऱ्या जरूर बघा: टू नोट्स कॅप्टरसारख्या बॉक्सला स्पीकरसाठी एकच, २० डेसिबलची घट मिळते. फ्रायेट पॉवर स्टेशन लोडनंतर स्वतःच्या पॉवर अँपने आवाज पुन्हा वाढवतं, त्यामुळे नॉब सलग फिरतो. बजेट असेल तर मी तिकडेच बोट दाखवीन.

अ‍ॅटेन्युएटरचा तोटा लपवण्यात अर्थ नाही. हळू आवाजातही ट्यूब पूर्ण ताकदीने चालतात आणि लवकर बदलाव्या लागतात. अंधारात ईएल३४ ची प्लेट लालसर दिसली तर थांबून बायस तपासा. अँप आणि बॉक्समध्ये स्पीकर केबलच लावा, गिटारची शील्डेड केबल नको. ती तापून तुटली की ट्रान्सफॉर्मरला लोडच राहत नाही, प्रायमरीत व्होल्टेज उसळतं आणि इन्सुलेशन फुटतं. जोडणी अँप बंद असतानाच करा. ओहम जुळलेच पाहिजेत, आणि बॉक्स किमान १०० वॅटचा हवा.

व्हॉक्स एसी१५ किंवा फेंडर ५ई३ च्या धर्तीचा, कॅथोड बायसचा (बायस ट्यूबच्या स्वतःच्या करंटमधून आपोआप मिळणारा) छोटा अँप असेल तर माझा आक्षेप उरत नाही. तिथे निगेटिव्ह फीडबॅकच नाही, म्हणून पोस्ट-पीआय मास्टर खुशाल बसवा. मॉसफेटने बी-प्लस (ट्यूबचा मुख्य डीसी व्होल्टेज) उतरवणारं व्हीव्हीआर सर्किटही अशा अँपमध्ये सोपं जातं. फिक्स्ड बायसमध्ये (बायस वेगळ्या पुरवठ्यातून येतो तिथे) मात्र बायसही सोबत उतरवावा लागतो.

बॉक्स आल्यावर अँप आधी नेहमीच्या जागी, समजा सहावर लावा, मग अ‍ॅटेन्युएटर उतरवत जा. कमी आवाजात कान बास आणि ट्रेबल दोन्ही कमी ऐकतो, म्हणून टोन पातळ वाटेल. तेवढ्यावर नॉब फिरवू नका. टीव्हीच्या आवाजाइतकं खाली जायचं असेल तर स्पीकर सोडून लोडवरून सिग्नल घ्या, त्यावर आयआर (स्पीकर कॅबिनेटची डिजिटल नक्कल) लावा आणि हेडफोनवर वाजवा.