नुसते शॉक की स्प्रिंगही?

मिशिगनमधल्या मित्राची 1967ची कॅमेरो (शेवरोलेची स्पोर्टी गाडी) मागून बसलीय, म्हणजे मागची बाजू खाली आलीय. नुसते शॉक (शॉक ॲब्सॉर्बर) बदलू की स्प्रिंगही, असं तो विचारतोय.

मेहनत: शॉक म्हणजे एका दुपारचं काम. पुढचीही स्प्रिंग बदलायची तर ती कॉइल (गुंडाळीची स्प्रिंग) काढायला मात्र स्प्रिंग कॉम्प्रेसर, म्हणजे स्प्रिंग दाबून धरणारं अवजार, हवाच. दाबलेली कॉइल निसटली तर जिवावर बेतेल. खर्चही अर्थात वाढतो.

परिणाम: शॉक फक्त हेलकावे आवरतो, वजन स्प्रिंग पेलते. बसलेली गाडी नव्या शॉकने उठणार नाही. त्यात 1967ला मागे एकपाती स्प्रिंग (एकाच पोलादी पट्टीची); जोरात ॲक्सिलरेटर दाबला की ती पीळ खाते आणि चाकं थडथड उडतात. म्हणून तर शेवरोलेने 1968मध्ये ताकदवान मॉडेलांना अनेक पात्यांची स्प्रिंग दिली.

उंची शाबूत असेल, रविवारची फेरीच मारायची असेल, तर चांगले गॅस शॉक (आत गॅस भरलेले) पुरेत. बसलेल्या, दणकट इंजिनाच्या गाडीला दोन्ही एकदमच बदलावं.