दहा महिन्यांच्या वापरानंतर: कराटेतले जपानी शब्द आणि रिवाज

डोंबिवलीत शाळकरी वयात मी चार वर्षे कराटे शिकलो, केशरी पट्ट्यापर्यंत पोहोचलो आणि दहावीच्या वर्षी ते सोडून दिले. त्या चार वर्षांत साठ-सत्तर जपानी शब्द तोंडपाठ झाले होते, पण त्यांतल्या एकाचाही अर्थ मला नीट सांगता आला नसता. गेल्या वर्षी नोकरीनिमित्त आम्ही तोक्योच्या एदोगावा भागात, निशी-कासाईला राहायला आलो, आणि नऊ वर्षांच्या मुलाबरोबर मीही जवळच्या सार्वजनिक क्रीडा केंद्रात भरणाऱ्या शोतोकान पद्धतीच्या वर्गात, पुन्हा पांढऱ्या पट्ट्यापासून, दाखल झालो. जे शब्द आणि जे रिवाज मी लहानपणी मंत्रासारखे घोकले होते ते आता दहा महिने, जिथे ते रोजच्या बोलण्यातले आहेत अशा ठिकाणी, वापरून पाहिले. लाथा-बुक्क्यांबद्दल इथे फारसे काही नाही, कारण त्याबाबतीत माझी प्रगती सांगण्यासारखी नाही.

पहिला धक्का वर्गात शिरण्याआधीच बसला. क्रीडा केंद्राच्या दारातल्या स्वागतकक्षावर जी पाटी आहे तिच्यावर ‘उकेत्सुके’ असे लिहिलेले आहे आणि त्यातले पहिले चित्राक्षर ‘आगे-उके’ आणि ‘सोतो-उके’ या बचावाच्या प्रकारांमधल्या ‘उके’चेच आहे. डोंबिवलीत आम्हाला ‘उके म्हणजे ब्लॉक’ असे शिकवले होते आणि आम्ही समोरच्याचा हात मोडायच्या बेताने तो आडवा मारत असू. मूळ क्रियापद मात्र ‘घेणे, स्वीकारणे’ असे आहे. आलेला अर्ज घेण्याची खिडकी ती उकेत्सुके आणि आलेला ठोसा घेण्याची रीत ती उके. एवढे कळल्यावर माझ्या खांद्यातला ताठरपणा थोडा तरी कमी झाला, आणि हे श्रेय मी शिक्षकांइतकेच त्या पाटीला देतो.

असे एकामागून एक होत गेले. मुलाच्या शाळेच्या क्रीडादिनाला धावण्याच्या शर्यतीत ‘योऽइ... दोन्!’ अशी आरोळी ऐकू आली, आणि आमच्या कातातला (काता म्हणजे ठरलेल्या हालचालींची सलग मालिका), ज्यावर आम्ही श्वास रोखून उभे राहायचो तो ‘योइ’, हा ‘तयार’ याहून अधिक काही नाही हे समजले. ‘हाजिमे’ म्हणजे सुरू करा, ‘यामे’ म्हणजे थांबा. परीक्षेच्या खोलीतही हेच शब्द. शाळेत तास सुरू होताना मुले ‘किओत्सुके, रेइ’ अशा हुकुमावर ताठ होऊन वाकतात. हा योगायोग नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कराटेचे गुरू इतोसु आंको यांनी जपानच्या दक्षिणेकडच्या ओकिनावा बेटावरच्या शाळांत कराटे नेले, त्यासाठी ‘पिनान’ नावाचे पाच काता बसवले, आणि पुढे शोतोकान पद्धतीचे जनक फुनाकोशी गिचिन यांनी त्याच चित्राक्षरांचा जपानी उच्चार घेऊन त्यांना ‘हेइआन’ म्हटले. रांगेत उभे राहून आकड्यांवर हात-पाय हलवण्याची जी पद्धत आपल्याला प्राचीन वाटते तिच्यात शाळेच्या कवायतीचा बराच अंश आहे.

उच्चारांबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण मराठी माणसाला इथे एक फुकटचा फायदा आहे आणि तो आपण घालवतो. ‘कराटे’, ‘काटा’, ‘कुमिटे’ हे शब्द इंग्रजी लिपीतून आल्यामुळे आपण त्यांत ‘ट’ घातला. जपानीत तिथे सरळ दंत्य ‘त’ आहे: कराते, काता, कुमिते (म्हणजे दोघांची लढत). (‘आज कोणता काटा करायचा?’ हे वाक्य डोंबिवलीत आम्ही इतक्या गंभीरपणे विचारत असू की पायात मोडणारा काटा कुणाला आठवतही नसे.) ज्या ‘त्सुकी’वर, म्हणजे ठोशावर, इथले बाकीचे परदेशी विद्यार्थी अडखळतात तो ‘त्सु’ म्हणजे आपल्या ‘चूक’मधला ‘चू’, आणि ‘इची’ (एक) मधला ‘ची’ म्हणजे आपल्या ‘चिंच’मधला ‘चि’. इकारापुढे तालव्य आणि उकारापुढे दंततालव्य ही वाटणी जपानीत आणि अस्सल मराठी शब्दांत अगदी सारखी पडते. ‘झुकी’ असे जे लिहिले जाते ते ‘जुना’मधल्या ‘जु’च्या जवळचे आहे. हे मला सुचले त्या दिवसापासून शिक्षकांनी माझा उच्चार सुधारणे थांबवले.

मात्र शब्दांच्या संधीने मला एकदा चांगलेच फसवले. कराटेतली पुढची लाथ ती ‘माए-गेरी’, बाजूची ‘योको-गेरी’, म्हणून लाथ म्हणजे ‘गेरी’ असा माझा लहानपणापासूनचा समज होता. कार्यालयात जेवणाच्या सुटीत एका सहकाऱ्याने संध्याकाळी काय करतोस असे विचारले तेव्हा मी मोठ्या उत्साहाने सांगितले की आठवड्यातून दोनदा मी गेरीचा सराव करतो. तो घास हातात धरून थांबला. सुट्या ‘गेरी’चा अर्थ जुलाब असा होतो, लाथ म्हणजे ‘केरी’, आणि दुसऱ्या शब्दाला जोडून आल्यावरच तिच्या ‘क’चा ‘ग’ होतो. तसेच ‘ताची’चे, म्हणजे उभे राहण्याच्या ढबीचे, ‘झेन्कुत्सु-दाची’ (पुढचा गुडघा वाकवून उभे राहणे) होते आणि ‘त्सुकी’चे ‘ओइ-झुकी’. वाक् आणि ईश यांचा वागीश करणाऱ्या, जगत् आणि ईश यांचा जगदीश करणाऱ्या भाषेच्या माणसाला हे कळायला हवे होते. फरक इतकाच की आपण पहिल्या शब्दाचे शेपूट मृदू करतो आणि ते दुसऱ्या शब्दाचे तोंड.

आता रिवाज. गणवेशाला इथे नुसते ‘गी’ कुणी म्हणत नाही, ‘दोगी’ म्हणतात. पहिल्या दिवशी मी तो घाईत घातला आणि रांगेत उभा राहिलो, तेव्हा साठीच्या घरातल्या एक बाई, ज्या वर्गात मला बऱ्याच ज्येष्ठ आहेत, हळूच जवळ आल्या आणि मला भिंतीकडे तोंड करायला लावून त्यांनी अंगरख्याचे पदर उलटे करायला सांगितले. डावा पदर उजव्यावर यायला हवा. उजवा डाव्यावर येतो तो मृताला कपडे घालताना. मला लगेच श्राद्धातले अपसव्य आठवले. जानवे कोणत्या खांद्यावर आहे यावरून कार्य देवाचे की पितरांचे हे ज्याच्या घरात ठरते, त्याला ही गोष्ट दुसऱ्यांदा सांगावी लागत नाही. भिंतीकडे तोंड करणे हाही रिवाजच निघाला: पट्टा सुटला किंवा अंगरखा सरकला तर गुरू आणि ‘शोमेन’ (दालनाची मानाची पुढची बाजू) यांच्याकडे पाठ करून तो सारखा करायचा, समोरासमोर नाही.

वर्गाची सुरुवात अशी होते. दाराशी वाकायचे, चपला बोटे बाहेरच्या बाजूला येतील अशा फिरवून ठेवायच्या, पट्ट्याच्या क्रमाने रांग लावायची. मग ‘सेइझा’: आधी डावा गुडघा, मग उजवा; उठताना आधी उजवा पाय. ‘मोकुसो’ म्हटल्यावर डोळे मिटायचे, ‘यामे’ म्हटल्यावर उघडायचे, आणि तीनदा वाकायचे: समोरच्या बाजूला, शिक्षकांना, एकमेकांना. तिसऱ्या वेळी सगळे ‘ओनेगाइशिमासु’ म्हणतात, ज्याचा भाव ‘कृपा असू द्या’ असा आहे, आणि शेवटी ‘आरिगातो गोझाइमाशिता’, म्हणजे आभार, पण भूतकाळात, कारण मिळायचे ते मिळून झालेले असते. ‘कराटे रेइने सुरू होते आणि रेइने संपते’ हे फुनाकोशींच्या वीस सूत्रांपैकी पहिले सूत्र डोंबिवलीत भिंतीवर रंगवलेले होते. पण त्यातला ‘रेइ’ म्हणजे नुसते वाकणे नाही हे मला कार्यालयात कळले. सहकारी लवकर घरी निघताना ‘शित्सुरेइ शिमासु’ म्हणून जातात, आणि त्यातला ‘रेइ’ हाच आहे: ‘माझ्याकडून मर्यादा सुटते आहे’ असे बोलून मर्यादा पाळायची.

माझा मुलगा पहिले काही दिवस वाकताना हात जोडत असे. शोरिन्जी केम्पोमध्ये खरोखरच हात जोडून अभिवादन करतात, पण आमच्या वर्गात हात मांड्यांना लागून खाली असतात. त्याला कुणी टोकले नाही. तिसऱ्या आठवड्यात त्याने ते आपणहून सोडले, आणि मला उगाच थोडे चुकल्यासारखे झाले.

‘ओस’ या शब्दाबद्दल सावध करायला हवे. लहानपणी आम्ही हो, नाही, समजले, नमस्कार, लागले का, या सगळ्यांसाठी ‘ओस’ म्हणत होतो. इथे मी त्याच साठीच्या बाईंना खणखणीत आवाजात ‘ओस’ केले तेव्हा त्यांनी तोंडावर हात धरून हसू आवरले. तरुण मुलगे आपापसांत म्हणतात तसा तो रांगडा शब्द आहे. क्योकुशिनसारख्या पद्धतींत तो सर्रास चालतो, पण ओकिनावाच्या अनेक जुन्या दोजोंत, म्हणजे सरावगृहांत, तो वापरतही नाहीत. आमच्या वर्गात नुसते ‘हाइ’ (हो) पुरते. ‘सेन्सेइ’चेही तसेच आहे. तो शब्द दुसऱ्याने आपल्या नावामागे लावायचा असतो, जसे आपल्याकडे ‘बुवा’ किंवा ‘ताई’, आणि डॉक्टर, शिक्षक, वकील या सगळ्यांना तो लागतो. आपल्याकडे भेटपत्रिकेवर स्वतःच्याच नावाआधी ‘सेन्सेई’ छापणारे पाहिले आहेत. इथल्या माणसाला ते ‘मी श्रीयुत अमुकराव’ असे ऐकू येत असावे.

तक्रारी आहेत. सेइझा हे जवळपास वज्रासनच, पण लाकडी तक्तपोशीवर, सतरंजीशिवाय. पंचेचाळिशीतल्या गुडघ्यांना पाच मिनिटांनंतर ते सोसत नाही. शिक्षक ‘पाय मोकळे करा’ म्हणतात तेव्हा मांडी घालून बसता येते, पण ते म्हणेपर्यंत आपण हलायचे नाही, आणि कधी कधी ते विसरतात. दुसरे म्हणजे नियम कुठेही लिहिलेले नाहीत. उशीर झाला तर काठावर गुडघे टेकून बोलावण्याची वाट पाहायची, कुणाच्या पुढून न जाता मागून जायचे, हे सगळे चूक केल्यावरच कळते, आणि चूक दाखवतानाही कुणी कारण सांगत नाही. तिसरी तक्रार घरगुती आहे: मुलगा परीक्षेत माझ्यापुढे गेल्यामुळे रांगेत तो माझ्या वरच्या जागी उभा राहतो आणि मी त्याला वाकतो. त्याला हा रिवाज फार आवडतो.

सगळ्यात उपयोगी मला वाटला तो रिवाज डोंबिवलीत नव्हताच. वर्ग संपला की ओले फडके दोन्ही हातांनी जमिनीवर दाबायचे, कंबर उंच ठेवायची आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत धावत तक्तपोशी पुसत जायचे. काळा पट्टा असो वा पांढरा, कुणी सुटत नाही. आपल्या तालमीत आखाड्याची माती पोरे स्वतः खणतात आणि मळतात, तोच प्रकार. माझ्या झेन्कुत्सु-दाचीतला मागचा पाय इतक्या वर्षांत पहिल्यांदा सरळ झाला तो या फडक्यामुळे.

दिवाळीच्या सुमारास आम्ही आठ दिवस डोंबिवलीला जाणार आहोत आणि माझा जुना वर्ग अजून त्याच सभागृहात भरतो असे कळले आहे. मुलाला तिथे घेऊन जायचे आहे. तिथे कातांना काटा म्हणतात आणि हाइच्या जागी ओस म्हणतात, हे मी त्याला आधीच सांगून ठेवले आहे. त्याने विचार करून विचारले, ‘मग बाबा, तिथे फरशी कोण पुसतं?’