वीस नंबरहून बारीक फ्लाय: सातारा ते तीर्थन, एका हंगामाचा अनुभव

ट्राउट माशासाठीचे बारीक फ्लाय, म्हणजे हुकावर पिसं-दोरा बांधून केलेल्या नकली माश्या, साताऱ्यात बसून वापरतो म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: इथं ट्राउट कुठंय? नाहीच. त्याला थंड आणि भरपूर ऑक्सिजनचं पाणी लागतं. पाण्याचं तापमान २० अंशांच्या वर गेलं की त्याचे हाल सुरू होतात. आपली वेण्णा, कृष्णा, उरमोडी उन्हाळ्यात त्याच्या बऱ्याच वर असतात. म्हणून माझा वापर दोन ठिकाणी वाटला गेला. फ्लाय बांधणं, गाठी, फेकीचा सराव इथं. आणि ज्यासाठी हे सगळं करायचं तो ब्राऊन ट्राउट हिमाचलात, तीर्थन नदीवर. तिथंही तो मूळचा नाही. युरोपातला हा मासा इंग्रजांनी आधी काश्मिरात आणला आणि १९०९ मध्ये कुलू खोऱ्यात सोडला.

साहित्य असं: साडेआठ फुटी, तीन वजनाचा (म्हणजे हलक्या दोरीसाठीचा) रॉड, नऊ फुटी लीडर (दोरीच्या पुढचा बारीक दोरा) आणि १८ ते २४ नंबरचे हुक. हुकाचा नंबर वाढतो तसा हुक लहान होतो. २२ नंबरचा फ्लाय बोटावर ठेवला तर आंबेमोहोराच्या दाण्याएवढा दिसतो. एवढ्याशा गळाला किलोभराचा मासा लागतो यावर बघणाऱ्याचा विश्वास बसत नाही, पण लागतो आणि टिकतो. बारीक हुक जबड्याच्या कोपऱ्यात पक्का रुततो.

एवढं बारीक कशाला? संध्याकाळी नदीकाठी डोक्यावर थव्यानं घोंगावणारी, डासासारखी दिसणारी पण न चावणारी माशी सगळ्यांनी पाहिली असेल. इंग्रजीत तिला मिज म्हणतात, शास्त्रात तिचं कूळ कायरोनोमिडी. तिच्या अळ्या नदीच्या गाळात राहतात. काही तर लालभडक असतात, कारण त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं. अळीचा कोश झाला की तो वर येतो आणि माशी बाहेर पडेपर्यंत पाण्याच्या पृष्ठभागाला खालून लटकून राहतो. त्या वेळी त्याला पळता येत नाही. ट्राउट नेमका तेव्हा संथपणे वर येतो, फक्त नाकाडाचं टोक दिसतं, आणि कोश टिपून खाली जातो. असा मासा समोर चरत असताना त्याच्यापुढे १२ नंबरचा झुबकेदार फ्लाय टाकला तर तो ढुंकूनही बघत नाही.

आता माझं स्पष्ट मत. बारीक फ्लायच्या खेळात रॉड दुय्यम आहे आणि फ्लाय हुबेहूब असणंही दुय्यम आहे. सगळं अवलंबून आहे ते शेवटच्या दोन-तीन फूट दोऱ्यावर, म्हणजे टिपेटवर. टिपेटची जाडी एक्सच्या आकड्यात सांगतात आणि हिशेब सोपा आहे: ११ मधून एक्सचा आकडा वजा करा, उरेल ती इंचाच्या हजाराव्या भागातली जाडी. म्हणजे ५एक्स सहा हजारांश इंच, ६एक्स पाच, ७एक्स चार. मिलिमीटरमध्ये साधारण ०.१५, ०.१३ आणि ०.१०. ऐकायला फरक किरकोळ वाटतो. पण २२ नंबरच्या फ्लायला वजनच नसतं. टिपेट ताठ असेल तर फ्लाय प्रवाहाबरोबर न जाता दोऱ्याच्या मर्जीनं सरकतो. पाण्यावरचा बुडबुडा ज्या वेगानं जातो त्याच वेगानं फ्लाय गेला पाहिजे. जरा जरी आडवा ओढला गेला की मासा वळतो. मी २० नंबरला ६एक्स लावतो आणि २२ ला बहुतेक वेळा तोच. वर तरंगणाऱ्या फ्लायला नायलॉन बरं, कारण फ्लुओरोकार्बन हा दुसरा दोरा जड असतो आणि बुडतो. तो मी पाण्याखालच्या फ्लायसाठी ठेवलाय.

७एक्सबद्दल सावध राहा. मासा जास्त फसतो हे खरं, पण दोरा तुटू नये म्हणून माशाला बराच वेळ खेळवत बसावं लागतं आणि मासा पार थकून जातो. सोडल्यावर तो जगला नाही तर सोडण्याला अर्थ काय? मोठा मासा दिसला की मी ७एक्स वापरत नाही. मऊ रॉडचा खरा उपयोग इथं होतो: हिसका रॉडच्या वाकण्यात जिरतो आणि ६एक्स वाचतं.

हा सगळा सराव वेण्णा-कृष्णेवर होतो, आणि चांगला होतो. संगम माहुलीला दोन नद्यांचं पाणी एकत्र येतं. घाटावर आणि देवळांजवळ मी गळ टाकत नाही. बरंच खाली, जिथं संथ आणि वेगवान धारा शेजारी शेजारी वाहतात, तिथं उभा राहतो. दोरी वेगवान धारेवर पडते आणि फ्लाय संथ पाण्यात, त्यामुळे फ्लाय लगेच ओढला जातो. दोरी पडल्या पडल्या तिला वरच्या अंगाला एक झोल द्यायचा, हे इथंच हातात बसलं. आळकूट हा लांबट, चंदेरी, पृष्ठभागावर खाणारा मासा इथला सर्वांत कडक मास्तर आहे. तो २२ नंबरचा फ्लाय घेतो आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत थुंकतो. त्याच्यामुळे नजर तयार होते. धरणांवर जायचं असेल तर आधी चौकशी करा. जलाशयातल्या मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो आणि विचारलं की माणसं नीट सांगतात. कोयनेच्या शिवसागराकडे मात्र गळ घेऊन जाऊच नये, तो व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे.

फ्लाय मी दोनच प्रकारचे बांधतो. पहिला ग्रिफिथ्स नॅट: मोरपिसाचा एक धागा हुकाला गुंडाळायचा आणि त्यावरून कोंबड्याच्या मानेचं पीस फिरवायचं. ‘ट्राउट अनलिमिटेड’ या अमेरिकी संस्थेच्या संस्थापकांपैकी एक, जॉर्ज ग्रिफिथ, यांचं नाव त्याला आहे. मोरपीस आपोआप गळलेलं असावं, आणि धागा आखूड केसांचा निवडावा, नाहीतर २२ नंबरवर नुसता गोळा होतो. गावठी कोंबड्याच्या मानेवर अगदी वरच्या बाजूला, डोक्याजवळ, कामाची दोन-चार पिसं सापडतात. बाकीच्यांचे केस या हुकासाठी फार लांब. दुसरा झेब्रा मिज: काळ्या दोऱ्याचं अंग, त्यावर बारीक रुपेरी तारेचे वळसे, बस्स. शिलाई मशीनचा दोरा इथं जाड पडतो. त्याचा पीळ सोडून एकच पदर घेतला तर अंग सडपातळ होतं.

तक्रारीही आहेत. ऑनलाइन मागवलेल्या तयार फ्लायच्या एका पाकिटात बऱ्याच हुकांची नेढी वार्निशनं बुजलेली निघाली. घरी सुईनं साफ करता येतात. पण नदीत गुडघाभर गार पाण्यात उभं राहून, बोटं बधिर झालेली असताना, बुजलेल्या नेढ्यात ६एक्स ओवणं हा छळ आहे. पाकीट आलं की घरीच एकेक नेढं उजेडाकडे धरून बघा. स्वस्तातले काही हुक माशाच्या ओढीनं सरळ झाले. आणि आपल्याकडचा पावसाळा: जून ते सप्टेंबर डबा नुसता कपाटात राहिला तरी बारीक हुकांना गंज चढतो. आता डब्यात सिलिका जेलची पुडी असते.

तीर्थनवर सर्वांत उपयोगी पडलेली जोडणी सांगतो. पुढे १४ नंबरचा, सहज दिसणारा तरंगता फ्लाय. त्याच्या हुकाच्या वळणाला दीड फूट टिपेट. त्याच्या टोकाला झेब्रा मिज. तिथल्या गुशैनी गावाच्या वरच्या अंगाला एका संथ डोहात, दुपारी, मोठ्या दगडाच्या सावलीत मासा एका लयीत वर येत होता. मिज पाण्यात दिसण्याचा प्रश्नच नव्हता. पुढचा फ्लाय वाहता वाहता नुसता थबकला, बुडालाही नाही. अशा वेळी हिसका द्यायचा नाही, रॉड फक्त उचलायचा. वजन लागलं की काम झालं. पिवळसर पोट, अंगावर काळे आणि लाल ठिपके. हुकाच्या टोकामागचा उलटा दात आधीच चिमट्यानं दाबलेला होता, त्यामुळे ओल्या हातानं मासा पाण्यातच मोकळा झाला.

हे फ्लाय बारमाही उपयोगाचे नाहीत. बर्फ वितळून पाणी गढूळ आणि जोराचं झालं की डबा बंद करून मोठे, जड फ्लाय काढावेत. बारीक फ्लायचे दिवस म्हणजे पाणी कमी, नितळ आणि गार असतानाचे: मार्चची सुरुवात आणि ऑक्टोबर. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हिमाचलात ट्राउटला बंदी असते, आणि बाकी काळात मत्स्य विभागाचा परवाना लागतो.

नव्यानं सुरू करणाऱ्यानं रॉडवर जास्त खर्च करू नये. चांगले हुक, ६एक्स नायलॉनचं ताजं रीळ आणि भिंग लावायचा चष्मा, यावर करावा. नायलॉन ऊन आणि उष्णतेनं कमजोर होतं, म्हणून रीळ गाडीत ठेवू नका आणि दर हंगामाला नवं घ्या. २४ नंबरचे हुक मी पुन्हा मागवणार नाही; ज्या माशांनी २४ घेतला त्यांनी २२ देखील घेतला, आणि २२ च्या नेढ्यात दोरा निदान पहिल्या-दुसऱ्या खेपेला जातो.