पाव जनावर घेतलं आणि ४३ पौंड हवेत गेले

आमचं गाव वसई. रविवारी मिस्सा आटोपून खाटकाकडे गेलं की पप्पा मांसाकडे बघायचेच नाहीत, नजर काट्यावर. त्यांचीच लेक ओहायोत येऊन वजनात फसली.

इथे बीफसाठी शेतकऱ्याकडून थेट जनावराचा वाटा घेता येतो. अख्खं, अर्धं किंवा पाव. शेतकरी जनावर कापायला देतो, धड दहा-चौदा दिवस थंड खोलीत टांगलेलं राहतं आणि मग गोठवलेली पाकिटं आपण उचलायची. आम्ही पाव सांगितलं. भाव पौंडाला ४.७५ डॉलर, 'हँगिंग वेट'वर. ३०० डॉलर आगाऊ.

हँगिंग वेट म्हणजे मुंडकं, कातडं, आतडी काढून आकड्याला टांगलेल्या धडाचं वजन, हाडं-चरबीसकट. मला वाटलं तेवढं मांस घरी येणार. ही चूक शंभर टक्के माझी. १२०० पौंडांच्या जनावराचं धड साधारण ७२० ते ७५० भरतं आणि पाकिटांत पडतं साडेचारशेच्या आसपास. हे आधी कळलं असतं तर फ्रीजर एवढा मोठा घेतला नसता.

शेतकऱ्याचा मेसेज आला: २१४ पौंड, १०१६.५० डॉलर. उरलेले ७१६.५० मी तिथल्या तिथे फोनवरून पाठवले. काट्याची चिठ्ठी मागितली नाही. त्याने माझ्या मुलीला गोठ्यात नेऊन वासराला बाटलीने दूध पाजू दिलं होतं, अशा माणसाकडे चिठ्ठी कशी मागायची!

कापून पाकिटं करणाऱ्याची मजुरी वेगळी, आणि तीही टांगलेल्या वजनावरच लागते. तिथेच शेतकऱ्याचं बिंग फुटलं. मजुरी झाली १८८.१० डॉलर, दर १.१०. गाडीत खोके चढवताना पावती दातांत धरली होती, ती काढून वाचली तर वजन १७१. म्हणजे ४३ पौंड जास्त लावलेले, २०४.२५ डॉलर.

मी परत आत गेले. काउंटरवरच्या बाईने वही माझ्याकडे फिरवली. आमच्या नावापुढे लिहिलेलं, 'फ्रंट'. म्हणजे पुढचा पाव: खांदा, छाती, बरगड्या, नळ्या. आपण ज्याला अंडरकट म्हणतो तो सगळा मागच्या पावात जातो, सरलॉइनही तिकडेच. आम्हाला तुकडाही नाही. जाहिरातीत नुसतं 'क्वार्टर' होतं आणि मी विचारलं नव्हतं. विचारायचं ते असं: पाव 'मिक्स्ड' आहे का, म्हणजे अर्ध्या जनावराची सगळी पाकिटं दोन गिऱ्हाइकांत सारखी वाटणार का? जीभही मागून ठेवली होती, मिठातली करायला. ती 'गेली'. चार गिऱ्हाइकं आणि जीभ एक, तेही खरंच.

घरी बाथरूमच्या काट्यावर सगळं तोललं. १०६ पौंड, त्यात निम्मा खिमा. दोन्ही बिलं मिळून पौंडाला ११ डॉलरच्या वर पडलं. पाकिटांवर 'नॉट फॉर सेल' शिक्का बघून नवरा घाबरला, पण तो नेहमीचाच असतो. असं जनावर सरकारी तपासणीशिवाय फक्त मालकासाठी कापतात, म्हणून वाटा कापण्याआधीच आपल्या नावावर लागतो. माझ्याकडे तसा कागदही नव्हता.

शेतकरी म्हणाला, "माझं वजन गरम धडाचं, त्यांचं थंड झाल्यावरचं." टांगल्यावर पाणी उडतं हे खरं, पण एका पावातून ४३ पौंड? दुसऱ्या फोननंतर त्याने उचलणं बंद केलं. बँक म्हणाली, पैसे तुम्हीच पाठवलेत. ओहायोत वजनमापांची तक्रार काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, ऑडिटरकडे जाते, हे मला तेव्हा कळलं. दोन्ही आकडे, मेसेज आणि पावतीचा फोटो जोडून ती केली आहे. राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या (सरकारी मुख्य वकिलाच्या) ग्राहक विभागाकडेही केली. अजून पैसे आलेले नाहीत.

परवा व्हिडिओ कॉलवर पप्पांना भरलेला फ्रीजर दिसला. "केवढ्याला पडलं गं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "पप्पा, आवाज तुटतोय तुमचा."