निधी की सरमिसळ? अमेरिकेत स्कूल बोर्डासाठी मत देण्यापूर्वी

अमेरिकेत राहणारी आपली मंडळी घर घेताना शाळेचं रेटिंग दहा वेळा तपासतात. स्कूल बोर्डाच्या निवडणुकीला मात्र मतदान कमीच होतं, आणि तिथेच तर शाळांचे मोठे निर्णय ठरतात. शहरातल्या सरकारी शाळांमधली गरीब मुलं मागे का पडतात, या प्रश्नावर उमेदवारांकडे साधारण दोन उपाय असतात. पहिला: मुलं आहेत तिथेच राहू द्या, त्यांच्या शाळांना जास्त पैसे द्या. दुसरा: शाळांच्या हद्दी आणि प्रवेशाचे नियम बदला, गरीब आणि सुस्थितीतली मुलं एकाच वर्गात बसवा, म्हणजेच सरमिसळ करा. दोन्हींच्या बाजूने भक्कम पुरावा आहे. तुम्ही कोणता निवडावा, हे बरंचसं तुमच्या स्कूल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे एका बोर्डाच्या हाताखालच्या शाळांच्या क्षेत्राच्या, नकाशावर अवलंबून आहे.

आधी दुखणं नेमकं कुठे आहे ते बघू. तिसरीचा 24 मुलांचा वर्ग डोळ्यांसमोर आणा. दोघा-तिघांच्या घरचं भाडं थकलेलं असेल तर बाई त्यांना सांभाळून घेतात, बाकीचा वर्ग पुढे सरकतो. तेच अठरा जणांच्या घरी असेल तर? जानेवारीत कुणाचं घर सुटतं, मूल दुसऱ्या शाळेत जातं. त्याच्या जागी आलेल्याचा भागाकार झालेलाच नसतो, म्हणून बाई पुन्हा मागे येतात. ज्यांनी शाळा बदललीच नाही, त्यांचंही शिकणं अडतं. दोन-तीन वर्षांनी बाईच बदली मागतात आणि त्यांच्या जागी नवशिक्या शिक्षिका येतात. म्हणजे घरच्या गरिबीचा फटका असतोच, पण गरिबी एका इमारतीत एकवटली की त्याची धार कितीतरी वाढते. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे संशोधक शॉन रिअर्डन यांनी देशभरातल्या चाचण्यांचे निकाल तपासले. कृष्णवर्णीय आणि श्वेतवर्णीय मुलांच्या गुणांमधली दरी वंशानुसार विभागलेल्या शहरांत जास्त रुंद आहे, आणि त्याचं मुख्य कारण म्हणजे तिथे कृष्णवर्णीय मुलं अतिगरीब शाळांमध्ये लोटली जातात, असं त्यांना दिसलं.

आता पैशाची बाजू. अमेरिकेत शाळेच्या खर्चाचा मोठा वाटा स्थानिक मालमत्ता करातून येतो. हे किती अन्यायाचं आहे, ते टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोच्या खटल्यात उघड झालं. 1967-68 साली एजवूड या गरीब, बहुसंख्य मेक्सिकन-अमेरिकन डिस्ट्रिक्टमध्ये दर 100 डॉलर मूल्यावर 1.05 डॉलर कर घेऊन मुलामागे 26 डॉलर जमायचे. त्याच शहरातलं श्रीमंत अलामो हाइट्स 0.85 डॉलर कर घेऊन 333 डॉलर गोळा करायचं. गरीब माणूस जास्त दराने कर भरत होता आणि त्याच्याच मुलाला कमी मिळत होतं. 1973 मध्ये सुप्रीम कोर्टाने 5 विरुद्ध 4 मतांनी यात हस्तक्षेप करायला नकार दिला. मला तो निकाल आजही पटत नाही.

पैशाने फरक पडतो का? पडतो. राज्यांच्या कोर्टांनी जिथे निधीची फेरवाटणी करायला लावली, तिथल्या मुलांचा मोठेपणापर्यंत मागोवा घेणारा एक अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. शाळेची बाराही वर्षं दर मुलामागचा खर्च 10 टक्क्यांनी वाढला, तर पुढे त्यांची कमाई सुमारे 7 टक्क्यांनी जास्त निघाली. गरीब घरच्या मुलांना फायदा त्याहून मोठा होता. न्यू जर्सीत ॲबट खटल्यामुळे 31 गरीब डिस्ट्रिक्टना निधी मिळाला, आणि 1998 च्या आदेशाने तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी चांगल्या बालवाड्या उभ्या राहिल्या. त्या बालवाड्यांचा फायदा चौथी-पाचवीतही दिसत होता.

पण पैसा कशावर खर्च होतो, ते विचाराच. मिसुरीतल्या कॅन्सस सिटीत कोर्टाच्या आदेशाने जवळपास 2 अब्ज डॉलर खर्च झाले. तारांगण, पोहण्याचे तलाव, 25 एकरांचं शेत, सगळं झालं. उपनगरातली श्वेतवर्णीय मुलं शहरात ओढून आणायची, हा त्यामागचा हेतू होता. ती फारशी आली नाहीत, गुणही म्हणावे तसे वाढले नाहीत.

सरमिसळीची बाजू मला जास्त वजनदार वाटते, आणि त्याचं कारण मेरीलँडमधली माँटगोमेरी काउंटी (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग). तिथे हे दोन्ही उपाय एकाच वेळी, एकाच डिस्ट्रिक्टमध्ये चालू होते. नव्या वसाहतींमध्ये काही घरं कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी राखायची, असा तिथे 1970 च्या दशकापासून नियम आहे. त्यातली काही काउंटी विकत घेते आणि कुणाला कुठलं मिळेल हे चिठ्ठीने ठरतं. त्यामुळे एकसारख्याच गरीब घरांतली काही मुलं सधन भागातल्या शाळेत गेली, काही गरीब भागातल्या. गरीब शाळांना काउंटीने मुलामागे सुमारे 2,000 डॉलर जास्त दिले, वर्ग लहान केले, शिक्षकांना प्रशिक्षण दिलं. संशोधक हीदर श्वार्ट्झ यांनी 2001 ते 2007 या काळातल्या 850 मुलांची प्रगती तपासली. जादा पैसे न मिळालेल्या सधन शाळांतली मुलंच पुढे गेली. डिस्ट्रिक्टमधल्या सुस्थितीतल्या मुलांशी त्यांचं गणितातलं अंतर प्राथमिक शाळा संपेपर्यंत निम्म्याने घटलं, वाचनातलं एक तृतीयांशाने. इतकी थेट तुलना या विषयात क्वचितच मिळते.

सुस्थितीतल्या मुलांचं नुकसान होईल ही भीती उमेदवारांना हमखास ऐकावी लागते. अर्थतज्ज्ञ रकर जॉन्सन यांनी, कोर्टाच्या आदेशाने कृष्णवर्णीय आणि श्वेतवर्णीय मुलं जिथे एकत्र आली अशा शाळांतली मुलं मोठी होईपर्यंत अभ्यासली. कृष्णवर्णीय मुलांचं शिक्षण, कमाई, आरोग्य सगळं सुधारलं, श्वेतवर्णीयांचं काही बिघडलं नाही. खरी खोट वेगळीच आहे: इमारत एक, पण ऑनर्स आणि गिफ्टेडच्या (हुशार मुलांसाठीच्या वेगळ्या) वर्गांत एका रंगाची मुलं, बाकी वर्गांत दुसऱ्या. अशाने हाती काहीच लागत नाही.

मग नकाशा का महत्त्वाचा? 1974 च्या डेट्रॉइट खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की शहरातल्या शाळांमधल्या वंशानुसार विभागणीचा दोष उपनगरांच्या माथी मारून डिस्ट्रिक्टच्या सीमा ओलांडता येणार नाहीत. त्यामुळे डेट्रॉइटसारख्या ठिकाणी, जिथे डिस्ट्रिक्टमधली बहुतेक मुलं गरीबच आहेत, तिथे सरमिसळ करणार कुणाची कुणाशी? तिथे मत निधीच्या बाजूने द्या: बालवाडी, अनुभवी शिक्षक टिकवणं, लहान वर्ग. अशा शाळा हरलेल्याच असतात असंही समजू नका. शिकागोच्या मुलांनी तिसरी ते आठवी या पाच वर्षांत सहा वर्षांइतकी प्रगती केल्याचं रिअर्डन यांनाच आढळलं. रेटिंगमध्ये गुण दिसतात, ही वाढ सहसा दिसत नाही.

तुमचं डिस्ट्रिक्ट काउंटीएवढं पसरलेलं असेल, श्रीमंत आणि गरीब दोन्ही वस्त्या त्यात असतील, तर हद्दी बदलायला तयार असलेला उमेदवार निवडा. सुप्रीम कोर्टाच्या 2007 च्या निकालानंतर एकेका मुलाचा वंश बघून शाळा ठरवता येत नाही, पण उत्पन्न बघता येतं. गरिबी मोजायला शाळेतल्या मोफत जेवणाच्या आकड्यावर मात्र विसंबू नका. 2014 पासून देशभर लागू असलेल्या योजनेत सहभागी शाळेतल्या सगळ्याच मुलांना मोफत जेवण मिळतं, त्यामुळे गरिबी किती ते त्यावरून कळत नाही. सरकारी मदत घेणाऱ्या कुटुंबांच्या यादीवरून थेट पात्र ठरलेल्या मुलांचं प्रमाण मागा. आणि तुमच्या भागात स्वस्त घरांच्या परवानगीची सुनावणी लागली तर तिथेही जाऊन बोला, कारण माँटगोमेरीतली ती मुलं चांगल्या शाळेत पोहोचली ती घरांच्या नियमामुळे.